हरण्या आणि दुसरा कार्बन

२०२०च्या पावसाळ्यात खान्देशात दोन साथी एकाच वेळी चालू होत्या. एक सगळ्यांना आठवते. दुसरी फक्त केळीवाल्यांना.

पहिलीची सुरुवात मार्चच्या अखेरीस झाली. जळगावात करोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हती. नाकाघशातला स्वॅब बर्फाच्या डब्यातून आधी पुण्याला जायचा. मग धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाली आणि डबे एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने धुळ्याला जाऊ लागले. जायचा स्वॅब, पण लोक म्हणायचे, ‘रिपोर्ट धुळ्याला गेलाय.’ परीक्षेचा पेपर तपासायला गेल्यासारखं. मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर गेला. दिल्लीची पथकं येऊन गेली, आणि त्या एका शब्दाची, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, वाट बघण्यात घरंच्या घरं जागी राहिली.

दुसरी साथ जुलैत उघडी पडली. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा भागात केळीच्या मृगबागेची कोवळी रोपं जेमतेम गुडघ्याला आली होती. पाऊस थांबायला तयार नव्हता, आभाळ उघडत नव्हतं. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसू लागले, कडा मुरडल्या, नवं पान आखूड आणि अरुंद निघू लागलं. काही रोपांचा पोंगाच सडला. जुन्या शेतकऱ्यांनी बांधावरूनच ओळखलं, हरण्या आला. कृषी खात्याच्या कागदावर त्याचं नाव सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, काकडीवरचा विषाणू. यावर औषध नाही, रोप उपटून गाडायचं किंवा जाळायचं. शेतकऱ्यांनी हजारो रोपं उपटली. फळपीक विमा हवामानावर बेतलेला असतो. त्याला तापमान कळतं, वारा कळतो, पाऊस कळतो, विषाणू कळत नाही.

करोना आणि हरण्या या दोघांना एका लेखात आणण्याचं कारण निव्वळ योगायोग नाही. दोन्ही आरएनएचे विषाणू आहेत. करोनाचा आरएनए सुमारे ३० हजार अक्षरांचा, एकसंध. हरण्याचा साडेआठ हजारांच्या आसपास आणि तीन तुकड्यांत वाटलेला. दोघांनाही पकडण्याची रीत एकच: त्यांच्या आरएनएला जुळणारा, माणसाने बनवलेला एक लहानसा धागा सोडायचा आणि तो बिलगतो का ते बघायचं. कोणता धागा आरएनएला बिलगतो, किती घट्ट बिलगतो आणि किती वेळ टिकतो, या तीन प्रश्नांचा इतिहास सांगायचा आहे. तो बोस्टन, ओसाका, कोपनहेगन, पुणे असा फिरतो आणि शेवटी रावेरच्या बांधावर येतो. या सगळ्या प्रवासात भांडण जवळजवळ एकाच जागेवरून चाललेलं आहे: साखरेच्या कड्यातला दुसरा कार्बन.

हरण्या काही २०२०चा पाहुणा नाही. काकडीवर हा विषाणू १९१६ मध्ये अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर या दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवला. पुढे कळलं की काकडी हे फक्त त्याचं माहेर. बाराशेवर जातींच्या वनस्पतींत तो सुखाने राहतो. तण, भोपळा, टोमॅटो, मिरची, काहीही चालतं. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो मावा. त्यात कपाशीवरचा मावाही आला, आणि कपाशी व केळी शेजारी-शेजारी लावणारा मुलूख म्हणजे आपलाच. मावा पानात सोंड खुपसतो, चव बघतो, उडतो. एवढ्या वेळात काम झालेलं असतं. म्हणून फवारणीने मावा मेला तरी विषाणू पुढे गेलेला असतो. आपल्याकडे एम. एन. कामत आणि एम. के. पटेल या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९५१ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या केळीवरच्या या रोगाची नोंद छापली. कवयित्री बहिणाबाई चौधरी गेल्या ते हे वर्ष. म्हणजे जळगावच्या ज्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे ते निघण्याच्या जवळपास ४० वर्षं आधीपासून हा रोग कागदोपत्री आपला आहे. आरएनए दिसतो कसा हे मात्र १९५१ मध्ये जगात कुणालाच माहीत नव्हतं.

डीएनएचा दुपेडी पीळ १९५३ मध्ये सापडला हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आरएनएचं तसं झालं नाही. त्याला पीळ पडतो का, याच प्रश्नावर लोक अडले होते. १९५६ मध्ये अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हिस यांनी प्रयोगशाळेत बनवलेले दोन आरएनए एकत्र ओतले. एकात सगळी ‘ए’ अक्षरं, दुसऱ्यात सगळी ‘यू’. द्रव घट्ट झाला. क्ष-किरणांखाली बघितलं तर दोन्ही पेड एकमेकांना गुंडाळून बसले होते. तेव्हाच्या जाणत्यांना हे पटेना. इतके लांब रेणू एन्झाइमच्या मदतीवाचून आपापले जोडीदार शोधतील कसे? पण त्यांनी शोधले होते. आज धुळ्यात काय आणि ह्यूस्टनमध्ये काय, जी तपासणी होते ती त्या दोन परीक्षानळ्यांची नात आहे.

आरएनएचा पीळ मात्र डीएनएसारखा नसतो. डीएनएचा पीळ ताणलेल्या दोरासारखा उभट, एका वेढ्यात साधारण दहा-साडेदहा अक्षरजोड्या. आरएनएचा जरा आखूड, जाड, वेढ्यात अकरा जोड्या, आणि त्याच्या पायऱ्या तिरक्या. फरकाचं मूळ साखरेत आहे. दोघांच्या कण्यात पाच कोनांचं साखरेचं कडं असतं. आरएनएच्या कड्यात दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते, डीएनएत ती नसते. नावातला ‘डीऑक्सी’ तो हाच. ही जोडी असली की कडं एका विशिष्ट बाजूने मुडपतं, आणि पेडातली शंभर कडी तशीच मुडपली की सबंध पीळ आखूड होतो. सुताला पीळ घालताना बोटाचा दाब थोडा बदलला की दोरीचा पोत बदलतो, तसं.

पण त्याच जोडीच्या हातात चाकूही आहे. दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून जातो आणि साखळी तिथेच तोडतो. कपड्याच्या सोड्यासारखा अल्कली पदार्थ असेल तर आपोआप, नाहीतर एन्झाइमच्या मदतीने. घाम, धूळ, थुंकी सगळीकडे आरएनए तोडणारी एन्झाइमं पसरलेली आहेत. म्हणून तर डब्यात बर्फ हवा होता. जळगावचा मे ४५ अंशांवर जातो, आणि एरंडोल-पारोळ्याचा रस्ता काही वातानुकूलित नाही.

आरएनएला नेमका आकार देणारी आणि त्याचा जीव घेणारी गोष्ट ही एकच. साठ वर्षं रसायनशास्त्रज्ञ जे करत आले त्याचं वर्णन एका वाक्यात करता येईल: आकार ठेवायचा, चाकू काढून घ्यायचा.

सुरुवात मात्र त्यांनी भलतीकडून केली. जर्मनीत गॉटिंगेनला फ्रिट्झ एकस्टाइन यांनी १९६०च्या दशकात साखरेला हात न लावता फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून त्या जागी गंधक बसवला. दिसायला क्षुल्लक बदल. तोडणाऱ्या एन्झाइमला मात्र हा धागा ओळखू येईना, तोंडात घालून तो तसाच सोडून देई. या धाग्याची पुढे चलती होणार होती.

१९७८ मध्ये बोस्टनमध्ये पॉल झमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबडीच्या पेशींत कर्करोग घडवणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूवर एक विचित्र उपाय करून पाहिला. विषाणूच्या आरएनएतल्या १३ अक्षरांना उलट जुळेल असा डीएनएचा तुकडा बनवला आणि पेशींवर सोडला. तुकडा आरएनएला बिलगला तर विषाणूचं वाचन अडेल, ही कल्पना. विषाणूची वाढ खरोखर दबली. त्यांनी तुकड्याची दोन्ही टोकं रासायनिक गटांनी बंद केलेलीही वापरून पाहिली. टोकं उघडी ठेवली की पेशी ती कुरतडते हे त्यांना ठाऊक होतं. औषध म्हणून कुणी हे मनावर घ्यायला पुढची दहा वर्षं गेली. एकेक अक्षर जोडत तुकडे बनवणं तेव्हा हातमागावर शालू विणण्याइतकं संथ होतं.

घट्टपणा मोजायची रीत फार साधी आहे, आणि मला ती फार आवडते. दोन पेड एका काचेच्या चौकोनी नळीत मिसळायचे. त्यांतून २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. पेड गुंडाळलेले असतील तर ते कमी प्रकाश शोषतात, सुटे असतील तर जास्त. मग नळी सावकाश तापवायची. आलेखाची रेघ आधी आडवी चालते, मग एका ठिकाणी चढते, पुन्हा आडवी होते. चढाच्या मध्यावर जे तापमान, तिथे निम्मे जोड सुटलेले. याला ‘वितळण्याचं तापमान’ म्हणतात. वितळत काही नाही, वेणी सुटते एवढंच. या साऱ्या शास्त्रातली निम्मी भांडणं या एका आकड्यावर झाली आहेत. गंधकवाल्या धाग्याने टिकाऊपणा दिला पण आकडा खाली आणला, प्रत्येक गंधकामागे अर्धा-एक अंश. म्हणजे जास्त जगतो पण सैल धरतो.

मग लोक साखरेकडे वळले. दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला मिथिलची, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची, टोपी घातली. चाकू म्यान झाला, कडं मात्र आरएनएसारखंच मुडपलेलं राहिलं. आकडा वर गेला. कुणी तिथे फ्लोरिन बसवलं, आकडा आणखी वर. कुणी लांब शेपटीचा मेथॉक्सीएथिल गट लावला. ओसाकात ताकेशी इमानिशी आणि सातोशी ओबिका यांनी १९९७ मध्ये, आणि डेन्मार्कात येस्पर वेंगेल यांनी १९९८ मध्ये, थेट कुलूप लावलं. दुसरा आणि चौथा कार्बन एका छोट्या पुलाने जखडून टाकला, आता कडं दुसरीकडे मुडपूच शकत नाही. एलएनए नावाचा हा धागा एकेका कुलूपबंद अक्षरामागे २ ते ८ अंश वाढवतो. कारण उघड आहे. सुट्या धाग्याला आरएनएभोवती बसण्यासाठी आधी आपली कडी एका रेषेत आणावी लागतात आणि त्याची किंमत मोजावी लागते. कुलूपबंद धागा तयार होऊनच लग्नाला येतो.

औषधं आली ती याच क्रमाने. १९९८ मध्ये अमेरिकेत पहिलं मंजूर झालं, फोमिव्हिर्सेन, गंधकवाल्या २१ अक्षरांचं. ते होतं एड्सच्या रुग्णांच्या डोळ्यातल्या सायटोमेगॅलो विषाणूवर. गंमत म्हणजे त्या विषाणूचंही लघुनाव सीएमव्हीच. पण आपल्या हरण्याचा तो कुणी लागत नाही. एड्सवरची औषधं सुधारली, डोळ्याचे रुग्ण घटले आणि हे औषध बाजारातून गेलं. २०१६च्या डिसेंबरात नुसिनर्सेन आलं, लहान मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारावर. १८ अक्षरं, अठराही साखरांवर मेथॉक्सीएथिल. ते मणक्यातून देतात आणि सुरुवातीचे डोस झाले की चार महिन्यांतून एकदा पुरतं. साधा आरएनए रक्तात काही मिनिटं टिकत नाही, त्याच्याशी ही तुलना करून बघावी.

आता पुणे. १९९१ मध्ये कोपनहेगनच्या नील्सन, एगहोम, बर्ग आणि बुखार्ट या चौघांनी साखर आणि फॉस्फेट दोन्ही फेकून दिले आणि प्रथिनासारख्या कण्यावर तीच अक्षरं टांगली. नाव पीएनए. फॉस्फेट नाही म्हणून ऋणभार नाही, ऋणभार नाही म्हणून दोन पेड एकमेकांना ढकलत नाहीत. हा धागा आरएनएला इतका घट्ट धरू लागला की जग चकित झालं. एन्झाइमं तर त्याला ओळखतच नव्हती. ना न्यूक्लिक आम्ल, ना धड प्रथिन. पण खोडी होती. तो पाण्यात नीट विरघळेना, पेशीत शिरेना, आणि आरएनए आणि डीएनए दोघांनाही सारखाच बिलगू लागला. सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस कामाला पाठवायला जरा धोक्याचाच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश १९८७ मध्ये आले. त्यांनी आणि वैजयंती कुमार यांनी १९९०च्या दशकात या धाग्याला हात घातला. गणेश पुढे आयसर पुणेचे पहिले संचालक झाले म्हणून लोक त्यांना ओळखतात; माझ्या लेखी पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेतलं हे काम मोठं. जगभरची चुरस घट्टपणाची होती, कुणाचा आकडा किती चढतो याची. पुण्याच्या गटाने प्रश्न बदलला: घट्ट धर, पण कुणाला? पीएनएच्या मऊ कण्यात त्यांनी प्रोलीनसारखी कडी घातली, मग पाच कार्बनांचं कडं, मग सहांचं. प्रत्येक वेळी कणा थोडा ताठ, थोडा निवडक.

सहा कार्बनांच्या कड्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पीएनए आरएनएशी जोडला जातो तेव्हा त्याच्या कण्यातला एक वळणकोन ६५-७० अंशांच्या आसपास असतो. डीएनएशी जोडला जाताना १४०च्या जवळ. दोन्हींच्या रचना परदेशी गटांनी १९९०च्या दशकात उलगडल्या होत्या आणि आकडे छापील होते. पुण्यातल्यांनी विचार केला, कण्यात असं कडं बसवावं की कोन ६५च्या आसपासच अडकून राहील. सायक्लोहेक्झेनचं कडं, दोन्ही हात एकाच बाजूला असलेलं, हे काम करतं. टी. गोविंदराजू, वैजयंती कुमार आणि गणेश यांनी २००५ मध्ये हे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. धागा आरएनएला धरत होता आणि डीएनएपुढे सैल पडत होता. अशी निवड तोवर कुणाच्या पीएनएने केली नव्हती. पाच कार्बनांचं कडं मात्र जरा मोकळं, कोन सामावून घेणारं, म्हणून ते दोघांनाही घट्ट धरी. एका कार्बनाचा फरक, एक धागा निवडक आणि दुसरा मनमिळाऊ. औषध काही त्यातून लगेच बाजारात आलं नाही. ते न आल्याने काम लहान ठरवायचं असेल तर बरीच चांगली रसायनं वाया गेली म्हणावी लागतील.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे आणि सहकारी दुसऱ्या टोकाने याच प्रश्नावर बसले आहेत. पेशी स्वतःच टी-आरएनए या वाहक आरएनएच्या अक्षरांवर जी रासायनिक नक्षी करते, तिने अक्षरं कशी वळतात आणि संदेशवाचन कसं नीट राहतं, हे ते संगणकावर रेणू हलवून बघतात. अशा नक्षीतलं सर्वांत आधी नजरेला आलेलं अक्षर, स्यूडोयुरिडिन, १९५१ सालचंच. त्याचंच मिथिल लावलेलं भावंड फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत गेलं आणि त्यामागच्या कामासाठी कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं. खान्देशाच्या दंडाला मात्र त्या लशी लागल्या नाहीत. आपल्याकडे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन.

धुळ्याच्या प्रयोगशाळेत २०२०च्या उन्हाळ्यात नेमकं काय चाललं होतं ते आता सांगता येईल. स्वॅबमधून आरएनए वेगळा काढायचा. त्यावर वीस-पंचवीस अक्षरांचा, कारखान्यात बनवलेला डीएनएचा तुकडा बिलगतो, त्याला प्रायमर म्हणतात. तिथून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे एन्झाइम आरएनए वाचत डीएनएत नक्कल करतं. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन यांना ते सापडलं होतं राउस सार्कोमा विषाणूत, झमेक्निक यांनी पुढे ज्यावर तुकडे सोडले त्याच. (डेव्हिड बाल्टिमोर यांना ते त्याच वर्षी उंदराच्या विषाणूत मिळालं.) मग नक्कलेच्या नकला, चाळीसेक फेऱ्या, तापव-निवव-तापव. नकलांवर आणखी एक तुकडा बसतो, प्रोब. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू जोडलेला. एन्झाइमने तो तुकडा कुरतडला की रंग सुटतो आणि यंत्राला चमक दिसते. लवकर दिसली तर विषाणू पुष्कळ, उशिरा दिसली तर थोडा, दिसलीच नाही तर घरच्यांचा जीव भांड्यात. जुळणीचं तापमान दोन-चार अंश चुकलं तर प्रायमर एकतर भलत्याला बिलगेल नाहीतर कुणालाच नाही. त्या रात्री ज्यांनी पीपीई घालून ही यंत्रं चालवली त्यांना वितळण्याच्या तापमानाचा सिद्धान्त आठवायला वेळ नव्हता. तो किटमध्ये आयता भरलेला होता.

केळीच्या पानाचीही तपासणी अशीच होते. प्रयोगशाळेतून येणारी टिश्यूकल्चर रोपं विषाणुमुक्त आहेत याचा दाखला देणारी योजना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केली, आणि तपासायच्या विषाणूंत सीएमव्ही आहे. तरी २०२०च्या जुलैत रोपवाटिकेने विषाणू आणला की माव्याने, यावर गावोगाव वाद झाले. माझं मत विचाराल तर सतत ढगाळ हवा, पंचवीसच्या खाली आलेलं तापमान आणि बांधावरचं तण यांनीच मोठा वाटा उचलला असावा. सिद्ध करून दाखवता येणार नाही.

आणि आता कथेतला तो भाग, जो मला सगळ्यांत उशिरा कळला. रोपाला हा विषाणू लागतो तेव्हा रोप मुकाट बसत नाही.

१९९०च्या सुमारास अमेरिकेत पेटुनियाची फुलं गडद जांभळी करण्यासाठी रंगाचा जास्तीचा जीन घातला, तर काही फुलं पांढरी निघाली. पेशीने स्वतःचा आणि घातलेला, दोन्ही संदेश गप्प केले होते. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जंतांत दाखवलं की दुपेडी आरएनए हा या गप्पपणाचा इशारा असतो. २००६चं नोबेल त्यांना त्यासाठी. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बाल्कोम यांना वनस्पतींत त्या इशाऱ्याचे पंचवीसेक अक्षरी तुकडे सापडले. विषाणू वाढताना त्याचा आरएनए दुपेडी होतो, रोपाचं एक एन्झाइम तो कापून तुकडे करतं, आणि आर्गोनॉट नावाचं प्रथिन एक पेड हातात धरून तशाच अक्षरांचा विषाणू-आरएनए शोधत फिरतं. सापडला की चिरतं. म्हणजे झमेक्निक यांची युक्ती वनस्पतींना आधीपासून ठाऊक होती.

मग तोच जुना प्रश्न, तुकडा टिकायचा कसा? २००५ मध्ये अमेरिकेत शुमेई चेन यांच्या गटाला उत्तर मिळालं. वनस्पतींत एचईएन-१ नावाचं एन्झाइम असतं. ते प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या अक्षराला मिथिलची टोपी घालतं, आणि घालतं कुठे, तर साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला. टोपी नसली की पेशी त्या टोकाला ‘यू’ची शेपटी जोडते आणि तुकडा कुरतडून टाकते. त्याच वर्षी पुण्याचा सायक्लोहेक्झेनवाला लेख छापून आला होता. माणूस ज्या जागेवर चाळीस वर्षं टोप्या, कुलपं आणि शेपट्या लावत होता, तिथे झाडपाला टोपी घालून कधीचा मोकळा झाला होता.

२०१८ मध्ये पहिलं दुपेडी आरएनए औषध, पॅटिसिरान, मंजूर झालं, त्यातल्या काही अक्षरांवर नेमकी हीच मिथिलची टोपी आहे. कोलेस्टेरॉलवरच्या इन्क्लिसिरानमध्ये जवळपास प्रत्येक साखरेचा दुसरा कार्बन मिथिल किंवा फ्लोरिनने झाकलेला, म्हणून सुरुवातीचे डोस झाल्यावर वर्षाला दोनच इंजेक्शनं. एवढं शहाणपण असूनही रोप हरतं, कारण हरण्याही काही कच्चा खेळाडू नाही. त्याच्या दुसऱ्या आरएनएत ‘२बी’ नावाचं एक लहान प्रथिन लपलेलं आहे. ते १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलं आणि ते कशासाठी आहे हे १९९८ मध्ये उमगलं. ते रोपाने बनवलेले तुकडे आधीच पकडून ठेवतं आणि आर्गोनॉटच्याही हाताला धरतं. पाटलाने पंच नेमावेत आणि चोराने त्यांनाच जेवायला बसवावं, तसा प्रकार.

२०१७ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने दुपेडी आरएनए चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर बसवून चवळी आणि तंबाखूच्या पानांवर फवारला. ज्या विषाणूंवर चाचणी घेतली त्यांत एक सीएमव्ही होता. नुसता आरएनए पानावर काही दिवसांत संपतो. मातीत बसवलेला सावकाश सुटत राहिला आणि एका फवाऱ्यात वीस दिवसांपर्यंत संरक्षण मिळालं. इथे रसायनाने टोपी घातली नाही, मातीने आडोसा दिला. आणि ते बरोबरच होतं. एकेक अक्षर जोडून बनवलेला टोपीवाला धागा मणक्यात द्यायला परवडतो, एकरावर शिंपडायला नाही. शिवाय फवारलेला आरएनए रोपाच्या एन्झाइमने कापायला हवा. जागोजागी टोप्या असल्या तर त्याची सुरीच चालणार नाही. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेने बटाट्यावरच्या भुंग्यासाठी आरएनएचा पहिला फवारा मंजूर केला. केळीसाठी असं काही आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळत नाही.

तोवर सल्ला १९५१च्या फार पुढे गेलेला नाही. केळीत काकडी, भोपळा, टोमॅटो लावू नका. बांधावरचं तण काढा. मावा आवरा. बाग रोज फिरून बघा आणि पिवळा पट्टा दिसला की रोप कंदासकट काढा, बागेबाहेर न्या, गाडा. जुलैच्या चिखलात, डोक्यावर पोतं घेतलेला शेतकरी दोन्ही हातांनी असं रोप ओढून काढतो तेव्हा ते सहज येतं, मुळं अजून धरलेली नसतात. खड्ड्यात पडलेल्या त्याच्या पानांत त्या वेळीही एचईएन-१ तुकड्यांच्या शेवटच्या अक्षरांना टोप्या घालत असतं.